डोळे सांभाळा, पण शिक्षण थांबवू नका

आपल्या वस्त्यांतील मुलामुलींचा बराचसा अभ्यास आता मोबाईलवर आला आहे. स्पर्धा परीक्षेची व्याख्याने, शिष्यवृत्तीचा अर्ज, नर्सिंगच्या प्रवेशाची यादी, सारे त्या वीतभर काचेवर. आमच्यासारख्या कारकुनांचा आणि डेटा एन्ट्री करणाऱ्या मुलांचा तर दिवसच संगणकापुढे जातो. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकते, दूरचे अंधूक दिसते. मग घरात दोनच उपाय निघतात. मेडिकलमधून थेंब आणायचे, नाहीतर मुलीच्या हातचा मोबाईल काढून घ्यायचा. मुलाचा मोबाईल मात्र सहसा कोणी काढून घेत नाही! हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत, हे आम्हाला स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

प्रथम कारण समजून घेऊ. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो. प्रत्येक वेळी अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहून खाली येते, थर सुकतो आणि डोळे चुरचुरू लागतात. शिवाय जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतीचा स्नायू आवळून राहतो. कळशी कडेवर घेऊन तासभर उभे राहिले तर हात भरून येतो ना, तसाच तोही थकतो. हा ताण त्रासाचा खरा, पण तो विश्रांतीने जातो. मोबाईलच्या उजेडाने कोणी आंधळे होत नाही.

म्हणून उपायही साधे आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. दर २० मिनिटांनी नजर उचलून २० फूट दूरच्या वस्तूकडे किमान २० सेकंद पाहावे. खोली दहा बाय दहाची असेल तर दारात यावे आणि समोरच्या झाडाकडे पाहावे. मधून मधून पापण्या मुद्दाम पूर्ण मिटाव्यात. मोबाईल निदान कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या अंतरावर धरावा आणि अक्षरे मोठी करून घ्यावीत. संगणक पसरलेल्या हाताएवढा लांब असावा. त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी, आणि खिडकी बाजूला असावी. पंख्याचा झोत थेट डोळ्यांवर घेऊ नये. घरातील माणसे झोपली म्हणून पूर्ण अंधारात वाचू नये. लहान दिवा भिंतीकडे वळवून लावावा. जे नुसते ऐकून समजते, ते डोळे मिटून ऐकावे.

लहान मुलांबाबत मात्र अधिक जपले पाहिजे. सतत जवळचे पाहणे आणि उन्हाउजेडात न खेळणे यामुळे दूरचे न दिसण्याचा दोष वाढतो. मुले रोज दोन तास तरी बाहेर उजेडात असावीत. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक पडदा दाखवू नये, त्याहून लहानांना मुळीच नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे.

आता बाजाराविषयी. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची मोठी जाहिरात चालते. कोक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या चष्म्यापेक्षा या चष्म्याने डोळ्यांचा ताण कमी होतो, असे त्यात आढळले नाही. ते पैसे वाचवा. मनाने आणलेले थेंब तर त्याहून घातक. त्यांत स्टिरॉइड असेल तर क्षणभर बरे वाटते. पण दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. मध, तूप, गुलाबपाणी हेही डोळ्यांत घालू नये.

पुष्कळदा ज्याला आपण ताण म्हणतो, तो न तपासलेला नंबर असतो. सरकारी शाळांतील मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते, आणि गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे देण्याची सरकारी योजना आहे. मुख्याध्यापकांकडे विचारणा करा. चष्मा लागला तर लग्न कसे जमेल, या भीतीने मुलीची तपासणी टाळणाऱ्या मातापित्यांना आम्ही एवढेच विचारतो, की फळा न दिसणारी मुलगी शिकणार कशी? चाळिशी गाठलेल्यांनीही चाळिशी लावण्यात कमीपणा मानू नये. मात्र अचानक दिसेनासे होणे, वीज चमकल्यासारखे दिसणे, डोळा लाल होऊन दुखणे, असे काही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

परळच्या चाळीतील लहानशा खोलीत घर निजल्यावर बाबासाहेबांनी दिव्याच्या उजेडात अभ्यास केला. उत्तरायुष्यात त्यांना मधुमेहाने ग्रासले, दृष्टी अधू झाली, तरी त्यांचे वाचन-लेखन सुटले नाही. आपल्यातील मधुमेही बंधुभगिनींनी वर्षातून एकदा तरी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

मोबाईल अजिबात नको, हे एक टोक. रात्रंदिवस मोबाईल, हे दुसरे. तथागतांचा मध्यम मार्ग येथेही उपयोगी पडतो. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतील थोडा भाग बाजूला काढा. त्यातून विहाराच्या अभ्यासिकेत चांगले दिवे लावा आणि एक नेत्रतपासणी शिबिर घ्या. तपासणीच्या रांगेत मुलींना पुढे उभे करा.

जयभीम!