एका अल्बमचे तीन निवाडे

२४ सप्टेंबर १९९६ रोजी ‘वीझर’ या अमेरिकी बँडचा दुसरा अल्बम, ‘पिंकर्टन’, दुकानांत आला. गाणी १०, संगीत जेमतेम ३५ मिनिटांचे. ‘बिलबोर्ड’च्या यादीत तो १९व्या क्रमांकापर्यंत पोहोचला आणि तिथून घसरला. वर्षअखेरीस ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्याची गणना वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत केली. त्याच नियतकालिकाने २००४ साली त्याला पाचपैकी पाच तारे दिले. मधल्या काळात ध्वनिमुद्रणातला एक सूरही बदलला नव्हता. मग बदलले काय?

पहिल्या अल्बमने लावलेली सवय

उत्तराची सुरुवात १९९४ सालापासून करावी लागते. लॉस एंजेलिसमध्ये १९९२ साली जमलेल्या या बँडचा पहिला अल्बम १९९४ साली आला. मुखपृष्ठाच्या रंगावरून चाहते त्याला ‘ब्लू अल्बम’ म्हणू लागले. ‘द कार्स’ या बँडचा गायक रिक ओकॅसेक त्याचा निर्माता होता. गिटारचा दणदणीत आवाज, त्यावर सहज गुणगुणता येतील अशा चाली आणि नीटनेटके बांधलेले सहगायन असा तो घाट होता. ‘बडी हॉली’ या गाण्याचा स्पाइक जोन्झने दिग्दर्शित केलेला व्हिडिओ तर मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५च्या सीडीवरच टाकला. त्यामुळे बँडचे नावही न ऐकलेल्या घरांत तो जाऊन पोहोचला. चष्मा लावणारी, लाजरी, खेळकर मुले अशी वीझरची प्रतिमा पक्की झाली. दुसऱ्या अल्बमची वाट पाहणाऱ्यांना याच मुलांना पुन्हा भेटायचे होते.

दरम्यान मुख्य गायक आणि गीतकार रिव्हर्स क्वोमो वेगळ्याच वाटेवर होता. अवकाशयानावर घडणारा एक रॉक ऑपेरा त्याने लिहायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला. त्याचा एक पाय जन्मापासून आखूड होता. १९९५ साली त्याने तो लांब करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि पुढचे कित्येक महिने पायाभोवती पोलादी चौकट वागवली. त्याच वर्षी त्याने हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. नावारूपाला आलेला हा गायक तिथे काठी टेकत वर्गात जाणारा एकटा विद्यार्थी होता. ‘पिंकर्टन’मधली बरीचशी गाणी या एकटेपणात लिहिली गेली. त्यांत देहसुखाचा कंटाळा आहे, मत्सर आहे, हाव आहे आणि स्वतःविषयीची घृणाही आहे.

ध्वनिमुद्रणही आशयाला साजेसेच केले. या वेळी बाहेरचा निर्माता घेतला नाही. क्वोमो आणि बँडमधले त्याचे साथीदार ब्रायन बेल व मॅट शार्प यांनी आपापले गायन वेगवेगळे मुद्रित करून नंतर जोडण्याऐवजी एकत्र उभे राहून गायले. गिटारचा खरखराट, चिरकलेले आवाज, ढोलांचा कोरडा आघात, काहीच घासूनपुसून घेतले नाही. चाली मात्र पहिल्याइतक्याच पक्क्या होत्या, पण हे लक्षात येण्यासाठी दुसऱ्यांदा ऐकावे लागत होते.

पहिला निवाडा

‘एल स्कॉर्चो’ हे पहिले सिंगल वाजवायला अनेक रेडिओ केंद्रे राजी नव्हती. समीक्षकांमध्ये दोन तट पडले. काहींना गाण्यांचे शब्द पोरकट वाटले, तर काहींना त्यांतला उघडेपणा भावला. हा अल्बम त्या वेळी सगळ्यांनीच झिडकारला, ही पुढे रूढ झालेली दंतकथा आहे. प्रतिक्रिया संमिश्र होत्या. पण ज्यांना दुसरे ‘बडी हॉली’ हवे होते त्यांची संख्या मोठी होती आणि त्यांचाच आवाज क्वोमोच्या कानी पडला.

अल्बमचे नाव त्याने पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरातून घेतले होते. नागासाकीतल्या चो-चो-सानशी लग्न करून तिला सोडून जाणारा अमेरिकी नौदल अधिकारी, तो पिंकर्टन. बंदरोबंदरी फिरणाऱ्या त्या खलाशात आणि दौऱ्यावरच्या रॉक गायकात क्वोमोला साम्य दिसले. मुखपृष्ठावरही जपानी चित्रकार हिरोशिगेचे बर्फाळ रात्रीचे चित्र आहे. १९०४ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात या ऑपेराचा पहिला प्रयोगही प्रेक्षकांनी हुर्यो उडवून पाडला होता. पुच्चिनीने त्यात फेरफार केले, आणि काही महिन्यांतच ब्रेशा शहरात त्याच कृतीला टाळ्या मिळाल्या. ‘पिंकर्टन’मध्ये असा कोणताही फेरफार झाला नाही. इथे ऐकणारेच बदलले.

दुसरा निवाडा

१९९८ साली शार्पने बँड सोडला. क्वोमो लॉस एंजेलिसच्या एका घरात खिडक्या झाकून आणि भिंती काळ्या रंगवून राहू लागला. इकडे हा अल्बम हातोहाती पसरत होता. कॅसेटच्या नकला झाल्या, मग इंटरनेटवरून गाण्यांची देवघेव सुरू झाली. मनातली लाज न लपवता गाणाऱ्या ‘इमो’ बँडांची नवी पिढी वर येत होती. तिने या अल्बमला आपला पूर्वज मानले. १९९६ साली जे पोरकट वाटले, ते या श्रोत्यांना प्रामाणिक वाटले. पहिला अल्बम त्यांच्या कानांच्या आड येत नव्हता. अनेकांची वीझरशी ओळखच ‘पिंकर्टन’पासून झाली होती.

२००० साली बँड पुन्हा मंचावर उभा राहिला तेव्हा या गाण्यांची मागणी होऊ लागली. क्वोमोचा मात्र पहिल्या निवाड्यावर विश्वास बसला होता. २००१ साली तो मुलाखतींतून या अल्बमला चूक ठरवत होता. त्या वर्षीचा ‘ग्रीन अल्बम’ पुन्हा ओकॅसेकच्या हाताखाली झाला. तो नेटका आहे, आखूड आहे आणि स्वतःविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. २०१० साली दौऱ्यावर बँडने ‘पिंकर्टन’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला, तेव्हा कुठे कर्ता आणि कृती यांचा समेट झाला.

तिसरा निवाडा

आज हा अल्बम ऐकताना दुसऱ्या निवाड्यावरही थांबता येत नाही. ‘अक्रॉस द सी’ हे गाणे एका तरुण जपानी चाहतीच्या पत्रावरून सुचले. गाण्यातला पुरुष तिच्या पत्राला आणि देहाला आपल्या एकटेपणाचे औषध करतो. ‘पिंक ट्रँगल’मधला पुरुष समलिंगी स्त्रीच्या प्रेमात पडून स्वतःचीच कीव करतो. या स्त्रियांना स्वतःचा आवाज नाही. आजचे श्रोते, विशेषतः आशियाई स्त्रिया, हे ऐकून अस्वस्थ होतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. खलनायकाचे नाव अल्बमला देऊन क्वोमोने गुन्हा कबूल केला, हेही खरेच. पण कबुली दिल्याने दोष फिटत नाही. ‘प्रामाणिक’ या एका प्रशस्तीने हा अल्बम संपत नाही, यातच मला त्याची ताकद दिसते.

पहिले श्रोते मूर्ख नव्हते. त्यांची निराशा खरी होती. पण ‘मला हवे होते ते मिळाले नाही’ आणि ‘यात काही नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. वाचकांच्या कौलात, रेडिओच्या नकारात आणि घाईच्या परीक्षणांत ती एकमेकांत मिसळली, आणि त्याची किंमत एका गीतकाराने वर्षानुवर्षे मोजली. कलाकाराचे दुसरे पाऊल पहिल्याशी जुळत नाही तेव्हा आपली निराशा जरूर बोलून दाखवावी. निवाडा मात्र ती कृती तिच्या अटींवर पुन्हा ऐकल्यावरच द्यावा, आणि नंतर येणाऱ्या श्रोत्यांना तो बदलण्याचा हक्क आहे हेही मान्य करावे.