एजंट घर दाखवतो. कागद कोण दाखवणार?

भाड्याच्या खोलीत अर्धे आयुष्य काढून, फंडाची रक्कम आणि बँकेचे कर्ज यांची जुळवाजुळव करून एखादे कष्टकरी कुटुंब घर घ्यायला निघते, तेव्हा त्याची पहिली गाठ पडते ती एजंटाशी. "आजच टोकन द्या, उद्या भाव वाढेल," असे तो सांगतो आणि कागद न पाहताच पैसे हातावर ठेवले जातात. पुढे हेच पैसे परत मिळवण्यासाठी खेटे घालावे लागतात.

म्हणून सगळेच एजंट लबाड, असे मात्र समजू नये. विभागातील भाव, बँकेची कामे, नोंदणी कार्यालयाची पद्धत यांची त्याला माहिती असते. पण त्याचे खरे काम काय, हे आपल्याला ठाऊक हवे.

२०१६ साली रेरा कायदा झाला. बांधकाम प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटाने महारेराकडे नोंदणी केलीच पाहिजे. महाराष्ट्रात त्यासाठी आता प्रशिक्षण घेऊन परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागते. नोंदणीस पात्र असूनही नोंदणी न केलेल्या प्रकल्पातील घर त्याला विकता येत नाही. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काची सर्व माहिती व कागदपत्रे मिळवून देणे हेही त्याचे कर्तव्य आहे. ते उपकार नव्हेत! विनानोंदणी धंदा करणाऱ्यास दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो.

तेव्हा घर पाहायला जाताना पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात :

१. एजंटाचा व प्रकल्पाचा महारेरा क्रमांक काय? तो संकेतस्थळावर स्वतः तपासावा.

२. चटई क्षेत्र किती? 'बिल्ट-अप', 'सुपर बिल्ट-अप' अशा शब्दांना भुलू नये.

३. बिल्डरने करारनामा नोंदवून देण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नये. कायद्याने त्याला ती मागताच येत नाही.

४. दलाली किती व केव्हा द्यायची, हे आधीच लिहून घ्यावे. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

जुने घर घेताना अधिक सावध राहावे. मालकाचे आधीचे सर्व करारनामे, सूची क्रमांक दोन, सोसायटीचा भाग दाखला, थकबाकी नसल्याचे पत्र आणि कर्ज असल्यास ते फिटल्याचे बँकेचे पत्र पाहावे. हे कागद वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नये. वकिलाची फी वाचवण्यात शहाणपण नाही.

भगिनींनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. राहते घर स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पैसा तर वाचतोच, शिवाय घरावर तिचे नाव लागते.

कागद मागितल्यावर जो एजंट ते आणून देतो, त्याला दलाली आनंदाने द्यावी. जो चिडतो, त्याला लांबूनच नमस्कार करावा. आणि घरातील शिकलेल्या मुला-मुलींनी आई-वडिलांनी सही करण्यापूर्वी करारनाम्याचे पान न् पान त्यांना वाचून दाखवावे.