फिरत्या घरामागची चिमुकली मोटार

बैलगाडीच्या मागें बांधलेलें वासरूं आपल्या पायांनीं चालत जातांना तुम्हीं कधीं तरी पाहिलें असेल. तीन वर्षांपूर्वीं मुलीकडे अमेरिकेंत गेलों असतां ॲरिझोनांतील एका हमरस्त्यावर मला त्या दृश्याची आठवण झाली. पुढें चाळीस फूट लांबीचें एक मोटारघर चाललें होतें, आणि त्यामागें दांड्यानें जोडलेली, जेमतेम नऊ फुटांची एक मोटार आपल्या चारी चाकांवर धांवत होती. तींत माणूस कोणी नव्हता. पुढें ज्या तळावर आम्हीं मुक्काम केला, तेथें शेजारींच अशी एक जोडी उभी होती. तिचे मालक माझ्याच वयाचे, नोकरींतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्याकडून जें कळलें व नंतर मीं जें वाचलें, तें आज आपणांस सांगणार आहें.

मोटारघर म्हणजे स्वयंपाकघर, निजावयाची खोली व न्हाणीघर यांसह चालणारा एक बंगलाच. तळावर आल्यावर तें सपाट उभें करावयाचें, त्यास पाण्याची नळी, विजेची तार व सांडपाण्याची नळी जोडावयाची. इतकें झाल्यावर दुधाच्या बाटलीसाठीं तें पुन्हां हलवावें, असें कोणास वाटेल? म्हणून मागें लहान मोटार. जहाजाबरोबर होडी असते तशी ही, म्हणून तिला तिकडे ‘डिंगी’ म्हणतात. दुसरें नांव ‘टोड’. इंग्रजींत ‘ओढलेली’ व ‘भेक’ या अर्थांच्या दोन शब्दांचा उच्चार एकच, त्यावरची ही कोटी. निवृत्त मंडळींस कोट्यांची हौस तिकडेहि आहे, हें पाहून मला बरें वाटलें.

आतां, मोटार लहान म्हणजे ओढावयास सोपी, असा आपला समज होतो. या गृहस्थांचाहि झाला होता. त्यांची आधींची मोटारहि लहानच होती, पण नेहमींच्या स्वयंचलित गिअरची. “इतकी हलकी गाडी, तिला काय होणार?” असें विक्रेता म्हणाला. त्यांनीं गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून ती दिवसभर ओढली, आणि संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स जळून गेला. त्या वर्षाची सहल तेथेंच संपली. शिलकीचे पैसे दुरुस्तींत गेले.

असें कां व्हावें? स्वयंचलित गिअरबॉक्समध्यें तेल खेळविणारा पंप बहुधा इंजिनाच्या जोरावर चालतो. मागें ओढलेल्या मोटारीचें इंजिन बंद असतें, म्हणून पंपहि बंद. परंतु चाकें फिरत असतात आणि त्यांच्याशीं जोडलेले आंतील भाग तेलावांचून एकमेकांवर घासत राहतात. २००८ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेल्या पेट्रोलच्या ‘स्मार्ट’ची गोष्ट निराळी. तिचा गिअरबॉक्स मुळांत हातानें गिअर बदलण्याच्या जातीचा. फक्त क्लच दाबण्याचें काम यंत्र करतें. म्हणून ती न्यूट्रलमध्यें ओढण्यास कारखानदारानेंच परवानगी दिली होती. पुढें ती तिकडे नवी मिळेनाशी झाली, तरी जुन्या गाड्यांस या मंडळींत मागणी आहे. याउलट ‘होंडा सीआर-व्ही’ पाहा. २०१४ सालची ओढतां येते; २०१५ सालीं गिअरबॉक्स बदलला, आणि त्या सालापासूनची ओढतां येत नाहीं. नांव तेंच, रूपहि बरेंचसें तेंच! तेव्हां मोटारीबरोबर मिळणारें पुस्तक, आणि तेंहि त्याच सालचें, वाचल्यावांचून दांडा जोडूं नये. पुस्तक वाचा म्हणण्याची शिक्षकाची खोड समजा हवी तर.

पुढचीं दोन चाकें लहानशा गाड्यावर चढवून मोटार नेण्याचीहि एक रीत आहे. पण स्मार्टचें इंजिन मागें असून जोर मागच्या चाकांस मिळतो. पुढचीं उचलून तिचा कांहींच लाभ नाहीं.

खरा प्रश्न थांबण्याचा आहे. स्मार्टचें वजन सुमारें ८२० किलो. आठदहा टनांच्या मोटारघरापुढें तें क्षुल्लक वाटतें. परंतु ताशीं ९० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या वस्तूंत जी शक्ति असते, ती ३२ मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूइतकी असते. म्हणजे दहा मजली इमारतीवरून मोटार खालीं पडावी, तितका तो जोर. पुढच्या गाडीनें ब्रेक लावला कीं हा सारा जोर दांड्यांतून तिच्या पाठीवर येतो. दांडा जवळजवळ सपाट नसेल, तर धक्का सरळ न जातां एका गाडीस उचलूं व दुसरीस दाबूं पाहतो. म्हणून मागच्या मोटारीचे स्वतःचे ब्रेक लागावेत अशी योजना करतात. एक पेटी चालकाच्या जागेपुढें ठेवतात. वेग कमी झाल्याचें तिला कळतें व तिचा दांडा ब्रेकचें पायडल दाबतो. शिवाय एक बारीक तार असते. जोड निखळून मोटार सुटलीच, तर ती तार ओढली जाऊन ब्रेक आपोआप लागतात. दांड्याखालीं फुलीसारख्या आडव्या नेलेल्या दोन साखळ्या असतात त्या निराळ्या.

आणि मागें घेणें? तें विसरावें. मोटारीचीं पुढचीं चाकें चहाच्या ट्रॉलीच्या चाकांसारखीं असतात; ओढलीं तर सरळ येतात, ढकललीं तर गर्रकन् आडवीं होतात. मग दांडा वांकतो. पेट्रोलपंपावर अडकलें तर खालीं उतरून मोटार सोडवावयाची, हाच मार्ग.

आम्हीं निघालों त्या दिवशीं शेजारीहि निघत होते. बाई मागें उभ्या राहून दोन्ही दिवे लागतात कीं नाहीं, हें हात वर करून सांगत होत्या. मागच्या मोटारीचें टायर फुटलें तरी चाळीस फूट पुढें बसलेल्या माणसास तें समजत नाहीं, असें गृहस्थ म्हणाले. म्हणून प्रत्येक मुक्कामावर ते उतरतात, मागें जातात आणि चारी चाकांजवळ तळहाताची मागची बाजू धरून पाहतात. एखादें चाक इतरांहून अधिक तापलें असेल, तर ब्रेक अर्धवट लागून राहिला आहे असें समजावयाचें, आणि तो सुटेपर्यंत पुढें जावयाचें नाहीं.