रस्ता आणि कायदा (लेखांक 6) : पळाला की पोलिसांना कळवले?

1 जानेवारी 2024. मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरातील इंधन डेपोंवर टँकर जागीच उभे राहिले, चालकांनी स्टिअरिंग सोडले. उत्तर महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या मोठ्या भागाला पेट्रोल-डिझेल येथूनच जाते. पुरवठा अडल्याचे कळताच नाशिकमध्ये पंपांवर रांगा लागल्या. चालकांचा विरोध होता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) ला.

बेदरकार आणि निष्काळजीपणे वाहन चालवून कोणाचा जीव घेतला, आणि लगेच पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळ काढला, तर 10 वर्षांपर्यंत कैद व दंड, असे हे पोटकलम सांगते. जुन्या दंड संहितेच्या कलम 304-अ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला कमाल शिक्षा होती 2 वर्षे.

चालकांची भीती खोटी नव्हती. अपघातानंतर जमाव जमतो आणि चूक कोणाची हे न पाहता मोठ्या गाडीच्या चालकावर हात टाकतो. मात्र जमावाच्या तावडीत उभे राहा, असे कायदा कधीच म्हणत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 134 चालकाला जखमीच्या उपचाराची व्यवस्था करायला सांगते. जमावाचा क्षोभ किंवा आवाक्याबाहेरचे कारण असेल तर त्यातून सूटही देते. पोलीस जागेवर नसतील, तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 24 तासांत, माहिती द्यावी लागते. हे टाळले तर कलम 187 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे जीव वाचवण्यासाठी घटनास्थळ सोडणे वेगळे आणि गुन्हा लपवण्यासाठी पसार होणे वेगळे. हा फरक चालकांपर्यंत नीट पोहोचायलाच हवा.

2 जानेवारीला केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलणी केली. चर्चेशिवाय तरतूद लागू करणार नाही, असे आश्वासन दिले. 1 जुलै 2024 रोजी नवी संहिता अमलात आली, तीही 106(2) वगळून. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास 5 वर्षांपर्यंत कैद देणारे 106(1) मात्र लागू झाले.

आठवडाही उलटला नव्हता. 7 जुलैच्या पहाटे मुंबईत वरळीला एका मोटारीने दुचाकीवरील दांपत्याला उडवले आणि महिलेचा मृत्यू झाला. आरोपी चालक पोलिसांच्या हाती लागला तो 9 जुलैला. पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचे कलम 105 लावले.

अशा प्रकरणांत हरवलेले तास फार महाग पडतात. चालक दारू प्यायला होता की नाही, हे रक्ततपासणीत कळते. पण तासागणिक रक्तातले अल्कोहोल उतरत जाते आणि पुरावाही त्याबरोबर जातो. त्याहून मोठे नुकसान रस्त्यावर पडलेल्या माणसाचे, कारण मदतीला लागणारे प्रत्येक मिनिट त्याच्या जिवावर बेतते. कसारा घाटात किंवा सिन्नरच्या रस्त्यावर रात्री धडक झाली, आणि चालकाला थांबण्याची भीती वाटली, तरी सुरक्षित जागी पोहोचताच तो 112 वर पोलिसांना आणि 108 वर रुग्णवाहिकेला फोन करू शकतो.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून मृताच्या वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये भरपाई मिळू शकते. हा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात कसा करायचा, ते पुढील लेखांकात.