घरचा डबा हाऊसफुल्ल!

आमच्या राउटरशेजारी एक काळा डबा आहे. खरं नाव नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेलं स्टोरेज. पण घरात सगळे त्याला 'डबा'च म्हणतात. लग्नाचे फोटो, लेकीचे व्हिडिओ आणि बाबांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं शूटिंग, सगळं त्याच्या पोटात. बाबा आता नाहीत. त्यांचा आवाज ऐकायचा तर हा डबाच उघडावा लागतो. जून २०२१ मध्ये गूगल फोटोजची फुकटातली अमर्याद जागा बंद झाली आणि फोनमधले फोटोही तिकडेच वळवले. व्हायचं तेच झालं. एका शनिवारी मेसेज आला : ९५ टक्के फुल्ल!

म्हटलं, त्यात काय! डब्यात २ टीबीच्या दोन डिस्क, मिरर केलेल्या. दोन्हींवर तोच माल, त्यामुळे वापरायला जागाही २ टीबीच. ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क आणल्या. रीत सोपी : एक जुनी काढा, नवी घाला, तिच्यावर सगळं उतरेपर्यंत थांबा, मग दुसरी बदला आणि शेवटी सेटिंगमध्ये जाऊन जागा वाढवा. पहिली बदलल्यावर लगेच जागा वाढेल असं समजू नका. मिररमध्ये लहान डिस्क सांगेल तेवढीच जागा मिळते.

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलो, तर बायको म्हणाली, "अरे, आधी बॅकअप घेतलास का?"

"मिरर आहे ना!"

"मिररमधून चुकून फाइल उडवलीस तर दुसऱ्या डिस्कवर राहते का?"

राहत नाही. दोन्हीकडून उडते. तोंड पाडून यूएसबी डिस्क जोडली आणि रात्रभर कॉपी लावली.

रविवारी पहिली डिस्क बदलली. ६० टक्क्यांच्या पुढे काम गेलं आणि डबा पीं-पीं करायला लागला. उरलेली जुनी डिस्क वाचताना एरर देत होती! नंतर डोक्यात प्रकाश पडला. दोन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, तेवढेच तास राबलेल्या. म्हातारपणही जोडीनेच येणार. त्यात रिबिल्ड म्हणजे राहिलेल्या डिस्कला तासन् तास पळवणं. नेमकी तेव्हाच दुसरी प्रत नसते.

पोटात गोळा आला. पण यूएसबी डिस्क होती. दोन्ही नव्या डिस्क घालून डबा कोरा सेट केला आणि सगळं परत उतरवलं. सगळ्यात आधी बाबांचं फोल्डर उघडलं. आवाज आला, तेव्हा कुठे जेवलो.

तुमचाही डबा भरत आला असेल, तर एवढं कराच :

* बॅकअप आधी, स्क्रू ड्रायव्हर नंतर. बॅकअपमधल्या दोन-चार फाइली उघडूनही बघा.
* जुन्या डिस्कची स्मार्ट टेस्ट करा. ही सोय बहुतेक नॅसमध्ये असते.
* डिस्क घेताना सीएमआर असल्याची खात्री करा. एसएमआर प्रकारच्या डिस्क रिबिल्डला फार रखडतात.
* ४ टीबीच्या जागी ३.६ दिसलं तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने!
* एक प्रत घराबाहेर ठेवा.

आमची ती यूएसबी डिस्क आता ताईकडे असते. दिवाळीला फराळाच्या डब्यासोबत येते आणि नवे फोटो भरून परत जाते.