खालच्या पानावरची वर्तुळं

कफ परेडच्या मच्छीमार नगरात मासळी पारखायला वेळ लागत नाही. कल्ला उचलायचा, आतला लाल रंग पाहायचा, डोळा वर आहे की खोल गेलाय ते बघायचं आणि पाठीवर बोट दाबायचं. नजर कुठं न्यायची हे पक्कं ठाऊक असतं. याच वस्तीत दारापुढं, मासळीच्या जुन्या थर्माकोल पेटीत माती भरून टोमॅटो लावला आणि दिवाळीच्या तोंडावर त्याची पानं पिवळी पडू लागली, की मात्र गोंधळ उडतो. कुणी म्हणतं पाणी जास्त झालं, कुणी म्हणतं खारा वारा लागला, कुणी थेट औषधाची बाटली आणतं. खरं तर टोमॅटोलाही कल्ल्यासारखी एक जागा आहे. ती म्हणजे अगदी तळाचं, मातीला टेकलेलं सर्वांत जुनं पान.

नाशिक आणि जुन्नर पट्ट्यातले शेतकरी ज्याला करपा म्हणतात, त्याचे दोन प्रकार आहेत. लवकर येणारा करपा आणि उशिरा येणारा करपा. नावावरून वाटेल की पहिला कोवळ्या रोपावर येत असेल. तो रोपवाटिकेतही येतो आणि तेव्हा रोपाचा खोडाजवळचा भाग काळा पडून ते आडवं होतं. पण त्याचा खरा जोर दिसतो झाड फळांनी लगडल्यावर, कारण तेव्हा झाडाची सगळी ताकद फळांकडे वळलेली असते आणि खालची पानं थकलेली असतात. बुरशीला असं थकलेलं पान फार सोपं जातं.

या बुरशीचं नाव अल्टरनेरिया सोलानी. 1882 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या बटाट्याच्या पानांवरून एलिस आणि मार्टिन यांनी तिचं पहिलं वर्णन केलं. टोमॅटोवर रोग करणारी जात बटाट्यावरच्या जातीहून थोडी वेगळी आहे, असं अलीकडचे बुरशीतज्ज्ञ मानतात आणि तिला निराळं नावही देतात. बागेत उभं राहून पाहणाऱ्याला त्यानं फारसा फरक पडत नाही, कारण पानावरची सही एकच असते.

ती सही अशी. सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी-काळा ठिपका. काही दिवसांत तो पसरतो आणि त्याच्या आत एकात एक वर्तुळं उमटतात, लाकडाच्या ओंडक्याच्या कापावर दिसतात तशी. डाग साधारण बोटाच्या नखाएवढा होतो आणि त्याभोवती पिवळा वलयपट्टा पडतो, कारण बुरशी विषारी द्रव्य सोडते आणि डागाबाहेरच्या पेशीही मरू लागतात. मग डाग एकमेकांत मिसळतात, पान पिवळं होऊन वाळतं, गळतं किंवा खोडाला लटकून राहतं. रोग असा पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतो. शेंडा हिरवागार, फुलं येत आहेत आणि खाली मात्र नुसत्या काड्या, हे लवकर येणाऱ्या करप्याचं अगदी बोलकं रूप आहे. पानं गेली की उरलेली फळं उन्हात उघडी पडतात आणि त्यांच्यावर पांढरट चट्टे येतात. खोडावर लांबट, थोडे दबलेले डाग येतात. फळाला धरतो तो देठाच्या बाजूनं. तिथं चामड्यासारखा, खोलगट काळपट डाग पडतो, त्यातही तीच वर्तुळं असतात, आणि दमट हवेत वर काळी मखमल दिसते. ती मखमल म्हणजे बीजाणू. सूक्ष्मदर्शकाखाली ते लांब चोच असलेल्या गदेसारखे दिसतात.

वर्तुळं दिसली नाहीत तर मात्र सावध व्हावं, कारण मग दुसरंच काहीतरी असण्याची शक्यता मोठी. सेप्टोरिया या दुसऱ्या बुरशीचे डागही खालच्या पानांवरच येतात, पण ते बारीक, मध्ये राखाडी आणि कडेला गडद असतात, आणि भिंगातून पाहिलं तर राखाडी भागात काळे बारीक ठिपके दिसतात. उशिरा येणारा करपा फार वेगळा वागतो. तो थंड, ओल्या हवेत येतो, तेलकट-राखी चट्टे पाडतो, पहाटे पानाखाली पांढरी बुरशी दिसते आणि दोनचार दिवसांत सगळं झाड काळं करतो. 1845 नंतर आयर्लंडमध्ये बटाटा कुजवून दुष्काळ आणणारा हाच रोग.

समुद्राच्या काठावर आणखी एक फसवणूक असते. खाऱ्या वाऱ्यानं पान जळतं ते कडेकडेनं आणि टोकाकडून, वाऱ्याच्या बाजूला जास्त. तिथं वर्तुळं नसतात आणि वरची-खालची पानंही एकत्रच करपतात. मासळी धुतलेलं खारट पाणी कुंडीत गेलं तरी टोकं अशीच जळतात.

न ओळखता उपाय केले की काय होतं, हे महाराष्ट्रानं 2020 च्या मे महिन्यात पाहिलं. टाळेबंदीच्या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, सातारा या भागांत टोमॅटोच्या फळांवर लाल-पिवळे पट्टे आले आणि शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा व्हायरस’ म्हटलं. नमुने बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेत गेले तेव्हा काकडीवरचा मोझॅक विषाणू हे मोठं कारण निघालं. विषाणूवर बुरशीनाशक फवारून काहीच हाती लागत नाही, फक्त फवारणीचा खर्च वाया जातो. एखाद्या कुटुंबाचा हंगाम ज्यावर अवलंबून आहे, त्या पिकाच्या बाबतीत एवढी चूकही महाग पडते. याच संस्थेनं अर्का रक्षक हा संकरित वाण काढला तो पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देण्यासाठी, आणि पुढे अर्का अभेदमध्ये उशिरा येणाऱ्या करप्याचीही भर घातली. झाडावरच्या पानांची गळ अशा वाणांत कमी असते. तरी खालची पानं बघायची सवय सोडता येत नाही.

लवकर येणाऱ्या करप्याच्या बुरशीला 24 ते 29 अंश तापमान आणि ओलं पान फार मानवतं. पाऊस सरल्यानंतरच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या रात्री साधारण याच टप्प्यात असतात, त्यात समुद्राची आर्द्रता. दिवाळीच्या आसपास दारातलं रोप पिवळं पडतं त्याचं कारण इथंच आहे. बीजाणू वाऱ्यानं उडतात, पावसाच्या आणि पाइपाच्या पाण्याच्या थेंबांसोबत मातीवरून पानावर उडतात, आणि गेल्या वर्षीच्या पेटीतल्या कुजक्या काड्यांतही टिकून राहतात. त्याच मातीत दरवर्षी टोमॅटो, वांगी आणि मिरची लावली की रोगाला मुक्काम मिळतो.

म्हणून करायचं ते असं. पाणी सकाळी, खोडाशी, पानावर न उडवता. मातीवर भाताचा पेंढा किंवा सुकी पानं पसरावीत, म्हणजे उडणारा थेंब अडतो. झाडाला काठीचा किंवा जुन्या जाळ्याचा आधार द्यावा, म्हणजे पानांत वारा खेळतो. डाग दिसलेलं पान कात्रीनं कापून पिशवीत बांधून टाकावं, कुंडीतच पडू देऊ नये. बाजारातलं मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक वेष्टनावरच्या मात्रेत आणि मुदतीत वापरता येतं, पण ते प्रामुख्यानं निरोगी पान वाचवतं. जे करपलं ते परत हिरवं होत नाही, म्हणून पहिल्या दोनतीन पानांवर डाग असतानाच ओळखण्याला किंमत आहे.

आणि शंका राहिलीच तर डागाळलेलं पान ओल्या टिपकागदासह झाकणाच्या डब्यात ठेवून दोन दिवस थांबावं. डाग लवकर येणाऱ्या करप्याचा असेल, तर बहुधा त्याच्या वर्तुळांवर काळपट मखमल उगवलेली दिसते.