स्वयंचलित गिअरबॉक्सची भुणभुण: आवाजावरून दोष कसा ओळखावा

शेतकीच्या मासिकांत मोटारीच्या आवाजाची चर्चा कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येण्याचा संभव आहे. परंतु ज्याच्या दारीं पूर्वी बैलगाडी उभी असे, त्याच्या दारीं आज मोटार उभी आहे. बाजारभाव पाहण्यास तुर्भ्यास जावें, मुलांस कॉलेजांत पोंचवावें, आजाऱ्यास इस्पितळांत न्यावें, या सर्व कामांस तीच लागते. बैलगाडीच्या आंसास वंगण कधीं घालावें हें आपल्यापैकीं प्रत्येकास ठाऊक असे. कुरकुर कानीं पडतांच गाडीवान खालीं उतरत असे. मोटारीच्या बाबतींत मात्र आपण कान बंद करून बसतों आणि दुसरा जें सांगेल तें खरें मानतों. या अज्ञानाची किंमत किती पडते, हें आमच्या मंडळास गेल्या पावसाळ्यांत चांगलेंच कळलें. तो अनुभव आणि त्यावरून आम्ही शिकलों ती परीक्षेची रीत वाचकांपुढें ठेवीत आहों.

मंडळाची मोटार सभासदांच्या वर्गणींतून घेतलेली आहे. चालविणारे निरनिराळे, कांहीं तर साठी उलटलेले. म्हणून ती स्वयंचलित गिअरची घेतली. त्या दिवशीं आम्ही चौघे मुरबाड, कल्याण, शिळफाटा या वाटेनें तुर्भ्याच्या बाजार समितीकडे निघालों होतों. शिळफाट्याच्या अलीकडे रस्त्यावर पावसाचें पाणी सांचलें होतें व आठवडाभर आमची ये-जा त्याच पाण्यांतून चालली होती. पारसिकचा डोंगर ओलांडून महापे येथें उतरूं लागलों तों गाडींतून भुंग्यासारखा घुमणारा आवाज येऊं लागला. वेग वाढला कीं आवाज वाढे, वेग कमी झाला कीं तो विरे.

महापे गांव पारसिक डोंगराच्या पश्चिम पायथ्याशीं आहे. येथें एके काळीं भातखाचरें होतीं. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि ठाणे खाडीपलीकडच्या या पट्ट्यांत कारखाने उभे राहिले. १९७० सालीं सिडको स्थापन होऊन नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. खाचरांच्या जागीं आज कारखाने, संगणकाच्या कचेऱ्या आणि मोटारदुरुस्तीचीं दुकानें आहेत. त्यांपैकींच एका मोठ्या दुकानांत आम्ही शिरलों. तेथील कारागिरानें गाडी दुकानाभोंवतीं एकदां फिरवून आणिली व "गिअरबॉक्स गेला, पुरता बदलावा लागेल," असा निकाल दिला. त्यानें सांगितलेला आंकडा एका चांगल्या खिल्लार बैलजोडीच्या किंमतीहून अधिक होता. वर्गणीच्या पैशाचा हिशेब सभासदांस द्यावयाचा होता. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों.

यंत्राची रचना

पुढील परीक्षा समजण्यास या यंत्राची थोडी ओळख हवी. साध्या गाडींत इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्यें क्लचची तबकडी असते. खऱ्या स्वयंचलित गाडींत त्या जागीं टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेलीं पात्यांचीं दोन चक्रें तेलांत बुडालेलीं आहेत, असें समजावें. एक इंजिनाबरोबर फिरून तेल फेंकतें आणि त्या तेलाच्या लोटानें दुसरें फिरतें. दोहोंच्या मध्यें एक तिसरें चक्र परतणाऱ्या तेलास योग्य दिशा देतें. ही कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्यॉटिंगर यांची असून तिचें पेटंट १९०५ सालचें आहे. त्यामागें दांतेरी चक्रांचा जो संच असतो, त्यांत मध्यें सूर्यचक्र, त्याभोंवतीं ग्रहचक्रें व बाहेर वलयचक्र असतें. यांतील कोणतें चक्र धरून ठेवावें व कोणतें सोडावें हें तेलाच्या दाबानें ठरतें आणि त्याप्रमाणें गिअर बदलतो. अमेरिकेंत जनरल मोटर्सनें 'हायड्रामॅटिक' नांवाचा स्वयंचलित गिअरबॉक्स १९३९ सालीं पुढें आणिला, तेव्हांपासून अशा गाड्यांचा प्रसार वाढला.

आपल्याकडील स्वस्त गाड्यांत बहुधा ए. एम. टी. असतो. २०१४ सालीं आलेल्या मारुतीच्या सेलेरिओपासून हा प्रकार आपल्याकडे घरोघर पोंचला. त्यांत गिअरबॉक्स साधा व क्लचही साधाच. फक्त दाबण्याचें व बदलण्याचें काम यंत्र करतें. तिसरा प्रकार सी. व्ही. टी.; त्यांत दोन पुलींवरून पोलादी पट्टा फिरतो व बारीक सूर स्वभावतःच निघतो. आपली गाडी यांपैकीं कोणत्या प्रकारची आहे हें गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहून ठेवावें. कारण एकीचा दोष तो दुसरीचा स्वभाव असूं शकतो.

आवाज कोणाचा अनुयायी?

सर्व निदानाचें मूळ एका प्रश्नांत आहे: आवाज कोणाच्या मागें चालतो? तो इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलत असेल तर दोष इंजिनाच्या बाजूस. चाकांच्या वेगाबरोबर बदलत असेल तर चाकांच्या बाजूस. आणि ॲक्सिलरेटर दाबतां-सोडतां बदलत असेल तर भार वाहणाऱ्या दांत्यांत. विहिरीवरच्या पंपाचा आवाज ऐकून बेअरिंग गेलें कीं पाणी तुटलें हें आपण ओळखतोंच; येथेंही तोच कान लावावयाचा आहे. परीक्षा दोघांनीं मिळून करावी. एकानें गाडी चालवावी, दुसऱ्यानें ऐकावें, वेग व फेरे टिपून घ्यावे, आणि जमल्यास फोनवर आवाज मुद्रित करावा.

*पहिली परीक्षा, उभ्या गाडीची.* हॅंडब्रेक ओढून व गिअर 'पी'वर ठेवून (ज्या गाडींत 'पी' नाहीं तेथें 'एन'वर) इंजिनाचे फेरे हळूहळू दोन हजारांपर्यंत न्यावे. उभ्या गाडींतच सूर निघत असेल व फेऱ्यांबरोबर चढत असेल, तर चाकें निर्दोष समजावीं. मग इंजिनावरचा पट्टा व त्यावर चालणारीं बेअरिंगें, किंवा टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडींत तेलाचा पंप, यांच्याकडे पाहावें. तेल कमी झालें किंवा गाळणी तुंबली म्हणजे पंप वारा ओढतो व किंचाळतो. नंतर ब्रेक घट्ट दाबून कांटा 'एन'वरून 'डी'वर घ्यावा. उभ्या गाडींत 'डी' लागतांच कन्व्हर्टरचें दुसरें चक्र थांबतें. म्हणून जो सूर 'एन'मध्यें येतो व 'डी'मध्यें नाहींसा होतो, तो गिअरबॉक्सच्या आंत शिरणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगचा असण्याचा संभव असतो. मात्र 'डी'मध्यें ब्रेक धरून ॲक्सिलरेटर दाबूं नये. तेल क्षणांत तापतें व अपघाताचेंही भय असतें.

*दुसरी परीक्षा, एकाच वेगाची.* मोकळ्या, सपाट रस्त्यावर ज्या वेगास आवाज येतो तो वेग कायम ठेवावा आणि हातानें गिअर निवडण्याची सोय असल्यास एक गिअर खालीं घ्यावा. इंजिनाचे फेरे वाढतील, चाकांचा वेग तोच राहील. आवाजाचा सूर बदलला नाहीं, तर इंजिन व कन्व्हर्टर दोन्ही सुटलीं. दोष चाक, टायर किंवा डिफरन्शिअल यांत शोधावा. चालती गाडी 'एन'वर टाकून परीक्षा घेण्याची कित्येकांस खोड असते. ती आम्हांस पसंत नाहीं, आणि उतारावर तर ती प्राणघातकच होय.

*तिसरी परीक्षा, वळणाची.* रस्ता अगदीं रिकामा असतां मध्यम वेगानें गाडी किंचित् डावीकडे व मग किंचित् उजवीकडे झुकवावी. डावीकडे वळतांना भार उजव्या चाकांवर पडतो. त्या वेळीं आवाज वाढला तर उजव्या बाजूचें बेअरिंग, उलट झालें तर डाव्या बाजूचें, असें बहुधा ठरतें.

*चौथी परीक्षा, टायरची.* टायरच्या नक्षीवरून तळहात पुढें व मागें फिरवावा. एका दिशेनें गुळगुळीत व दुसऱ्या दिशेनें करवतीसारखें लागलें, तर घूंघूं टायरची आहे. डांबरी रस्ता संपून काँक्रीटचा लागतांच जो आवाज पालटतो, तोही टायरचाच. पुढचे टायर मागें घालून पाहिल्यास आवाजही मागें जातो.

*पांचवी परीक्षा, ब्रेकच्या स्पर्शाची.* ही टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीपुरतीच. एकसारख्या वेगांत कन्व्हर्टरचीं दोन्ही चक्रें आंतील एक क्लच जखडून टाकतो. तेल जुनें किंवा चुकीचें असलें म्हणजे हा क्लच थरथरतो, व गाडी बारीक वरंब्यांवरून चालल्यासारखी वाटते. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला नुसता स्पर्श केला कीं बहुतेक गाड्यांत ही पकड सुटते. त्याच क्षणीं फेरे किंचित् वाढून थरथर थांबली, तर दोष तेथेंच आहे. आणि पुष्कळदां योग्य तेल बदलल्यानेंच तो जातो. मागें वाहन नाहीं हें आरशांत पाहूनच ही परीक्षा करावी.

तेलाची साक्ष

गिअरबॉक्सचें तेल हा त्याचा रक्तदाब व नाडी होय. कांहीं गाड्यांत तें पाहण्याची पट्टी असते. नव्या पुष्कळ गाड्यांत ती नसून खालचा बूच काढून, गाडी समपातळींत व तेल ठराविक उष्णतेस असतां पातळी पाहावी लागते. तें काम जाणत्याकडूनच करवावें, परंतु आपण समोर उभें राहावें. तेल काळपट असून करपल्याचा वास आला, तर आंतील क्लच जळले. दुधासारखें दिसलें, तर आंत पाणी शिरलें. तळाच्या चुंबकावर करडा, मऊ लेप असणें हें वयाचें लक्षण आहे. परंतु धातूच्या कपच्या निघाल्या तर गिअरबॉक्स खरोखरच बोलत आहे असें समजावें. "यांतलें तेल जन्मभर बदलावें लागत नाहीं," असें कोणी सांगितल्यास पुस्तिकेंतील कडक वापराचें कोष्टक पाहावें. माळशेजसारखा घाट, तापलेला रस्ता व भरलेली गाडी हा कडक वापरच होय. तेल पुस्तिकेंत लिहिलेल्या जातीचेंच घालावें; एका जातीचें तेल दुसऱ्या यंत्रास विष ठरतें.

यावरून गिअरबॉक्स कधींच बिघडत नाहीं असा अर्थ कोणीं घेऊं नये. एखाद्या विशिष्ट गिअरमध्येंच आवाज येणें, 'डी' लागण्यास उशीर होणें, फेरे वाढूनही गाडी पुढें न सरणें, त्याबरोबर करपलेला वास असणें, हीं लक्षणें दिसल्यास गाडी तत्काळ थांबवावी. तेथें चार दिवसांची काटकसर पुढें चौपट खर्चास कारण होते.

आमच्या गाडीचें काय झालें?

त्या मोठ्या दुकानांतून विचार करण्यास वेळ मागून आम्ही बाहेर पडलों. रस्त्याच्या कडेस एक लहानसें दुकान होतें. दुकानदार वयानें पन्नाशीचा, त्याच गांवचा. वडिलांचीं खाचरें कारखान्यांत गेल्यावर आपण पान्हा हातीं घेतला, असें त्यानें बोलतां बोलतां सांगितलें. त्यानें आम्हांसच गाडी चालवावयास लाविली व स्वतः शेजारीं डोळे मिटून बसला. डावीकडे वळतांना घूंघूं वाढली. "काका, गिअरबॉक्स नाय बोलत, चाक बोलतंय," एवढेंच तो म्हणाला.

परत येऊन त्यानें मागच्या चाकांस दगड लाविले, पुढची उजवी बाजू जॅकवर उचलून खालीं भक्कम घोडी दिली, आणि एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हातानें चाक फिरविलें. मग आमचा हात तेथें ठेविला. जात्यांत खडा सांपडावा तशी खरखर हातास लागली. डाव्या बाजूस कांहीं नव्हतें. बेअरिंग काढल्यावर आंत गंज व पाणी दिसलें. शिळफाट्याच्या पाण्यानें आपलें काम केलें होतें. नवें बेअरिंग व मजुरी मिळून जो खर्च आला, तो पहिल्या आंकड्याच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी होता. संध्याकाळीं त्याच वाटेनें परतलों तेव्हां डोंगराच्या चढावर गाडींत आमचें बोलणें आम्हांस स्वच्छ ऐकूं येत होतें.

पहिला कारागीर लबाड होता असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें परीक्षाच केली नाहीं, आणि आम्हांस ती मागतां आली नाहीं, एवढेंच. दोष दोहोंकडे होता. शिवाय, चाकाचें बेअरिंग ही हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. तें पुरतें झिजलें तर चाक डळमळूं लागतें व भर वेगांत गाडी हातची जाते. गिअरबॉक्स नवा बसवूनही तें धोक्याचें बेअरिंग तसेंच राहिलें असतें, हा विचार मनांत येतांच पैशाहून मोठें संकट टळलें असें आम्हांस वाटलें.

तेव्हां वाचकांस आमची विनंती इतकीच कीं, आवाज आला कीं घाबरूं नये आणि ऐकून न ऐकल्यासारखेंही करूं नये. कोणत्या वेगास, कोणत्या गिअरांत, गाडी थंड असतां कीं तापल्यावर, वळतांना कीं सरळ जातांना, हें कागदावर लिहून कारागिरापुढें ठेवावें, आणि "हा निकाल कोणत्या परीक्षेवरून दिला?" असें नम्रपणें विचारावें. मोठा खर्च सांगितल्यास दुसऱ्या जाणत्यास दाखविल्यावांचून होकार देऊं नये. पाण्यांतून वारंवार गाडी गेली असल्यास पावसाळा संपतांच चारही चाकें उचलून हातानें फिरवून पाहावीं. आमच्या मंडळानें आतां गाडींत एक वही ठेविली आहे. जो गाडी नेईल त्यानें ऐकलेला नवा आवाज तींत लिहावा, असा ठराव झाला आहे. आंसाची कुरकुर ऐकून खालीं उतरणारा आपला जुना गाडीवान शाळा शिकलेला नव्हता, पण त्याचा कान शाबूत होता. तोच कान आपण जपला पाहिजे.